स्वप्नांची हजेरी

आमच्या ट्रेनिंगच्या वर्गात 'हजर' म्हणायची पद्धत नव्हती. सर नाव घ्यायचे आणि ज्याचं नाव घेतलं त्याने काल रात्री पडलेलं स्वप्न सांगायचं. पडलं नसेल तर 'नाय पडलं' एवढं म्हणायचं. त्यावरही हजेरी लागायची, नाही असं नाही, पण सर चष्म्यावरून असे बघायचे की लग्नाच्या पंगतीतून उपाशी उठून आल्यासारखं वाटायचं.

हे मी कोणाला सांगितलं की लोक विचारतात, बालवाडी होती की काय. बालवाडी कसली, मुरबाडच्या औद्योगिक वसाहतीतला कारखाना होता. आम्ही ब्लोअर बनवायचो. ब्लोअर म्हणजे लोखंडी पेटीत बसवलेला मोठा पंखा. तो बॉयलरला हवा देतो, भाताच्या गिरणीत तूस उडवतो. आणि स्वप्नं सांगणारे आम्ही सगळे शिकलेसवरलेले इंजिनियर, कोणी डिप्लोमावाले, कोणी डिग्रीवाले. चांगली मिशा फुटलेली माणसं खाली मान घालून सांगायची, "सर, काल मी विहिरीत पडलो." आणि सर अगदी गंभीरपणे विचारायचे, "पाणी गार होतं?"

नव्वदचं दशक अर्ध्यावर आलं होतं तेव्हाची ही गोष्ट. सरकारने एक योजना काढली होती. कंपन्यांनी आपल्या इंजिनियर लोकांना शिकवावं, पुढे आणावं, आणि त्या खर्चाचा वाटा सरकार उचलेल. आमच्या शेठजींना ही कल्पना फार आवडली. शिकणार आपली माणसं आणि भार अर्धा दुसऱ्याच्या खांद्यावर, कोणाला आवडणार नाही? अडचण एकच होती. योजनेत बसायला जेवढे इंजिनियर दाखवावे लागत होते, त्यात शेठजींना एक डोकं कमी पडत होतं. तेव्हा कोणाला तरी आठवलं की स्टोअरच्या खिडकीत बसून नटबोल्ट देते ती धसईची मुलगी, तिच्याकडेही मेकॅनिकलचा डिप्लोमा आहे.

ती मी. डिप्लोमा झाला, नोकरी लागली, पण 'बाईमाणूस शॉपमध्ये कुठं उभी राहणार' म्हणून मला स्टोअरमध्ये बसवलं होतं. खिडकीतून हात आत यायचा, वॉशर मागायचा, वॉशर घेऊन जायचा. कधी कधी मला हातावरून माणूस ओळखू यायचा, तोंड पाहायची गरजच नसायची. अशी मी, भिंतीत एक वीट कमी पडली म्हणून आणून बसवावी तशी त्या वर्गात जाऊन बसले.

घरी सांगितलं तेव्हा बाबा खळ्यात पेंढ्याचे भारे रचत होते. त्यांनी हातातला भारा ठेवला. मग म्हणाले, "जा. एक साल जा. इंजिनियरच्या टेबलावर बसलीस तर आमी काय बोलणार नाय. पण फिरून त्या खिडकीतच बसायचं असंल तर सरळगावची माणसं येऊन गेलीत. त्यांना होय सांगायचं."

सरळगावचा मुलगा वाईट नव्हता, उगाच कशाला खोटं बोलू. पण त्या घरात सुनेने कामाला जायची रीत नव्हती. म्हणजे खिडकीसुद्धा राहिली नसती. मला टेबल पाहिजे होतं. डिझाइनच्या खोलीतलं, उत्तरेच्या उजेडाचं, वर तिरका बोर्ड लावलेलं टेबल. मी स्टोअरच्या चाव्या द्यायला तिकडून जायची तेव्हा पाऊल आपोआप हळू पडायचं.

ते टेबल मिळायचं तर वर्षाच्या शेवटी माझ्या नावापुढे 'ट्रेनिंग पूर्ण' म्हणून सरांची सही पाहिजे होती. आणि सरांची सही मिळायची एकच अट होती. मशीन स्वप्नात आलं पाहिजे.

सर शहापूरचे. पन्नाशी उलटलेले, उंच, थोडे पोक काढून चालणारे. पूर्वी अंबरनाथकडच्या एका मोठ्या कारखान्यात शिकाऊ मुलांना शिकवायचे. तो कारखाना एका सकाळी गेटला कुलूप लावून बंद झाला. त्याबद्दल ते कधी बोलायचे नाहीत. आम्ही विचारलं तर म्हणायचे, "मोठी शेड होती. कबुतरं फार." बस, एवढंच.

ते रोज शहापूरहून किन्हवलीवरून येणाऱ्या एसटीने यायचे. मी एकदा मामाकडून किन्हवलीहून त्याच गाडीने आले. बघते तर कंडक्टर तिकीट फाडता फाडता सरांना आपलं रात्रीचं स्वप्न सांगतोय, आणि मागच्या सीटवरची भाजीवाली म्हणतेय, "सर, माझं पण आयका, मला तर काल वाघच दिसला." सर सगळ्यांचं ऐकत होते, मध्येच एखादा प्रश्न विचारत होते. कंडक्टरने हसत विचारलं, "आणि सर, तुमाला काय पडलं?" तर सर खिशात तिकीट शोधायला लागले. तिकीट हातातच होतं. तेव्हा मला त्याचं काही वाटलं नाही.

आमचा वर्ग म्हणजे कारखान्याच्या मागची पत्र्याची शेड. तिच्या पलीकडे गवत, गवतापलीकडे भाताची खाचरं, आणि हवा स्वच्छ असली की त्याच्याही पलीकडे माळशेजकडचे डोंगर. सर फळा कधी पुसायचे नाहीत. "पुसलं की डोक्यातून पण पुसलं जातं," म्हणायचे. त्यामुळे सोमवारच्या आकृतीवर मंगळवारची, तिच्यावर बुधवारची. आठवड्याच्या शेवटी फळ्यावर असं रान माजायचं की त्यातून पंख्याचं एक पातं शोधायला अर्धा तास जायचा. पण गंमत अशी, की शोधता शोधता जुनं सगळं पुन्हा दिसायचं.

जेवण झालं की ते शेडचे गोणपाटाचे पडदे सोडायचे आणि म्हणायचे, "टेका." म्हणजे समोरच्या ड्रॉइंगबोर्डावर डोकं टेकून झोपायचं. आपल्या हातातल्या कामाचं ड्रॉइंग आधी नीट बघायचं, मग त्याच ड्रॉइंगवर गाल ठेवून डोळे मिटायचे. शेठजींना हे कळलं तेव्हा ते तावातावाने आले होते. "सर, मैं सोने का पैसा देता है क्या?" सर म्हणाले, "झोप नाय शेठ, हे प्रॅक्टिकल." शेठजी सगळ्या टेकलेल्या डोक्यांकडे बघत राहिले आणि आवाज न करता निघून गेले. मी एक डोळा उघडा ठेवून बघत होते.

त्या दुपारींची आठवण आली की अजून मला वेळेचं भान राहत नाही. पडद्याच्या विणीतून उजेडाचे ठिपके यायचे आणि कागदावरून हळूहळू सरकायचे. बाहेर गवत सळसळायचं. पुढच्या शेडमध्ये नव्या ब्लोअरची चाचणी चालू असली की त्याचा घुमारा जमिनीतून वर यायचा, टेबलाच्या पायातून बोर्डात आणि बोर्डातून गालात. आपण झोपलोय की जागे आहोत हे कळायचं नाही. मला वाटतं, कळू नये असंच सरांना हवं होतं.

दुसरी आठवण चाकाची. पंख्याचं चाक, म्हणजे इम्पेलर, तयार झालं की ते आसासकट दोन सरळ पट्ट्यांवर ठेवायचं आणि सोडून द्यायचं. कुठली बाजू जड असेल तर चाक आपणहून फिरतं आणि जड बाजू खाली घेऊन थांबतं. मग वरच्या बाजूला वजन लावायचं. शॉपमधली माणसं घाईची, चाक थांबायच्या आधीच हाताने धरायची. सर मात्र आम्हाला चहूबाजूंनी बसवायचे आणि काही बोलायचे नाहीत. चाक पुढे जायचं, मागे यायचं, परत थोडं पुढे. "त्याची त्याला बाजू सापडू द्या," सर हळूच म्हणायचे. आम्ही सगळे मिळून एका चाकाकडे बघत बसायचो आणि कोणाला कंटाळा यायचा नाही. बरोबर तोललेलं चाक कसंही ठेवा, ठेवलं तिथंच थांबतं. ते तसं पहिल्यांदा थांबलं की सर टाळी वाजवायचे, एकच.

खोटं स्वप्न सरांना लगेच कळायचं. कल्याणहून मोटारसायकलवर येणारा संजय वर्गातला सगळ्यांत हुशार. त्याने एका सकाळी ठणकावून सांगितलं, "सर, काल इम्पेलर आला. बारा पाती होती, चौदाशे आरपीएमने फिरत होता."

"स्वप्नात मीटर लावला व्हतास काय?" सर म्हणाले. "बस खाली."

पुढे कधीतरी तोच संजय एक दिवस डोळे तांबारलेले घेऊन आला. कसंनुसं तोंड करून म्हणाला, "सर, इम्पेलर म्हशाच्या जत्रेत सुटला. बैलांच्या बाजारातून घरंगळत चाललाय, मी मागून पळतोय, अंगावर फक्त बनियन. आणि लोक मला विचारतायत, जोडी केवढ्याला दिली." वर्ग हसून हसून आडवा झाला. सर हसले नाहीत. त्यांनी खिशातलं पेन काढलं आणि संजयच्या नावापुढे सही करून टाकली. "आला," म्हणाले. "आता हा माणूस त्या चाकाचा झाला."

मीही एकदा खोटं सांगून पाहिलं. एकेकाच्या सह्या होत चालल्या होत्या, धीर सुटत होता. म्हटलं, आकाशात मोठा पंखा फिरत होता आणि मी बघत होते.

"भ्यायलीस?" सरांनी विचारलं.

"नाही सर."

"एवढा मोठा पंखा डोक्यावर, आणि भ्यायली नाय. मग नाय पडलं गो तुला."

सगळे हसले. कानाच्या पाळ्या गरम झाल्या. त्या दिवसापासून मी हट्टाने रोज 'नाय पडलं' म्हणायला लागले. आम्ही धसईची माणसं, म्हैस एकदा बसली की बसली.

खरं सांगायचं तर मला स्वप्नं रोज पडायची. धो धो पडायची. पण काय? तर आमच्या खळ्याची, काळू नदीत डुंबणाऱ्या म्हशींची, आईची, दांडीवर वाळत घातलेल्या गोधडीची. संजयच्या स्वप्नात निदान इम्पेलर होता. कल्याण-डोंबिवलीच्या मुलांपुढे मी काय सांगू, गोधडी हलत होती म्हणून? आधीच ते मला मागून 'स्टोअर' म्हणायचे. मी ती स्वप्नं मनातच घडी घालून ठेवायची आणि 'नाय पडलं' म्हणून खाली बसायची.

आणि हातातलं कामही अडलं होतं. सरांनी प्रत्येकाला कंपनीकडे आलेली एकेक तक्रार सोडवायला दिली होती. माझ्या वाट्याला भाताच्या गिरणीचा छोटा ब्लोअर आला. तक्रार अशी, की तूस उडवताना तो ते मशीनपाशी उभ्या असलेल्या बाईच्या तोंडावरच आणून टाकतो. मी वर्षभर त्या पंख्याच्या मागे लागले. पाती वाकवली, पाती कमी केली, पेटीचं तोंड अरुंद केलं, रुंद केलं. प्रत्येक वेळी शॉपमध्ये चाचणी घ्यायची आणि प्रत्येक वेळी केसात तूस घेऊन परत यायचं. आई रात्री माझ्या वेणीतून तूस काढत म्हणायची, "ट्रेनिंग करतंस का मळणी करतंस गो?"

वर्ष संपत आलं. माझी सोडून सगळ्यांच्या सह्या झाल्या. तेवढ्यात मदत देणाऱ्या ऑफिसातून निरोप आला की साहेब उद्या वर्ग बघायला येणार. त्यांनी पसंत केलं तर पुढच्या वर्षीची मदत, नाहीतर वर्ग बंद. शेठजींनी सरांना बोलावून ताकीद दिली. फळा पुसायचा, पडदे वर ठेवायचे, आणि उद्या कोणीही झोपायचं नाही. सर सगळ्याला मान हलवत गेले. मग शेठजी मला बाजूला घेऊन म्हणाले, "बेटा, एक नाव अधुरं राहिलं तर तुझा खर्च ते धरणार नाहीत. मग मला तू परत स्टोअरलाच दाखवावी लागेल. सरांना बोल ना, आया पंखा सपने में. क्या जाता है तेरा?"

त्या संध्याकाळी संजयनेही मला थांबवलं. तसा मनाचा चांगला होता तो. म्हणाला, "मी सांगतो तसं बोल. ब्लोअर सुरू झाला, तुझी ओढणी आत ओढली गेली, तू घाबरून ओरडलीस. घाम फुटला म्हण. घाबरली म्हटलं की सर मानतात." मी ते धसईच्या एसटीत घोकत घरी गेले. घरी सरळगावची माणसं येऊन गेल्याच्या खुणा होत्या, कपबशा पालथ्या घातलेल्या.

साहेब आले ते मध्यम वयाचे, किडकिडीत, उन्हाने दमलेले होते. शेठजींनी त्यांना आधी जेवायला बसवलं. गावठी कोंबडी, तांदळाच्या भाकऱ्या, वर आंबेमोहोर भात. मग ते शेडमध्ये आले. फळा पुसलेला होता आणि वर्ग अगदी परक्याचा वाटत होता. साहेबांनी कागद चाळले आणि विचारलं, "हे एक नाव राहिलंय. का?"

शेठजी सरांकडे बघायला लागले. "राहिलंय म्हणजे, होऊन जाईल आत्ता. सर, करून टाका ना सही."

सर उभे होते. माझ्याकडे बघून म्हणाले, "ती अजून थांबली नाय. फिरतेय."

साहेबांना अर्थातच काही कळलं नाही. तेव्हा सरांनी त्यांना सगळं सांगितलं. स्वप्नांची हजेरी, सहीची अट, सगळं, एसटीची वेळ सांगावी इतक्या सरळपणे. शेठजींनी कपाळाला हात लावला. साहेब म्हणाले, "सर, हे मी वर काय लिहू? सरकार शिकवायला मदत देतं. शिकले की नाही ते तपासायचं काही साधन पाहिजे."

"साहेब, परीक्षा घेतली तर ते रात्री पाठ करतील आणि सकाळी सोडून देतील," सर म्हणाले. "माणसाला जे खरंच कळलं ते त्याला झोपेत पण सोडत नाय. माझ्याकडे दुसरं साधन नाय."

आणि मग सरांनी काय केलं असेल? रोजच्या सवयीने ते वळले, एक एक करून गोणपाटाचे पडदे सोडले, आणि म्हणाले, "टेका." शेठजींची ताकीद ते विसरले होते की मुद्दाम केलं, मला आजतागायत कळलेलं नाही. वर्षभराची सवय, आमची डोकी आपोआप बोर्डावर गेली. मी गाल टेकवता टेकवता पाहिलं, साहेब रिकाम्या टेबलाशी बसले होते. कोंबडी, भात, मार्च महिन्याची दुपार. त्यांनी चष्मा काढून खिशात ठेवला.

मी जागं राहायचं ठरवलं होतं. ओढणी, ओरडले, घाम फुटला, असं मनात चाललं होतं. गालाखाली गिरणीच्या ब्लोअरचं ड्रॉइंग होतं. मग तो घुमारा आला खालून, आणि उजेडाचा एक ठिपका माझ्या बोटावर येऊन बसला. पुढचं मला माहीत नाही.

जाग आली तेव्हा सर पडदे वर करत होते. साहेब गडबडीने चष्मा चढवत होते आणि शेठजी दारात उभे होते, आत यावं की जावं या विचारात. सर नेहमीसारखे एकेकाला विचारत गेले. एकाला काही पडलं नव्हतं, संजयला त्याची मोटारसायकल दिसली. मग सर साहेबांपाशी थांबले.

"साहेब, तुमाला काय पडलं?"

मला वाटलं आता साहेब उठून गाडीकडे चालायला लागतील. पण त्यांच्या डोळ्यांत अजून झोप होती. ते म्हणाले, "माझे वडील दिसले. आमच्या गावी सायकलला हवा भरत होते. ट्यूब फाटली होती, हवा जात होती, तरी भरत होते. मी म्हणत होतो, दादा, राहू द्या. ते ऐकत नव्हते." मग म्हणाले, "वडील जाऊन बरीच वर्षं झाली."

कोणी हसलं नाही. एवढा मोठा साहेब, आणि त्याच्या स्वप्नात फाटकी ट्यूब.

मग माझं नाव आलं. ओढणीचं सगळं तयार होतं, ओठांवर होतं. साहेब माझ्याकडे बघत होते, शेठजी डोळ्यांनी खुणावत होते. आणि मी म्हणाले, "सर, पंखा नाही आला."

शेठजींनी डोळे मिटून घेतले.

"मग काय आलं गो?"

"आमचं खळं आलं. आई सुपाने भात वारवत होती. वारा होता, पण सगळा भुसा उलटून तिच्याच तोंडावर येत होता. ती डोळे पुसायची आणि परत वारवायची. मला इतका राग आला. मी ओरडत होते वाऱ्यावर, ए, फीर की तिकडे. वारा कुठला ऐकतोय. मग मी गेले आणि आईला दोन्ही खांद्यांना धरून या बाजूला उभी केली. आणि भुसा सरळ पलीकडे जायला लागला. आई हसली. तिचं तोंड स्वच्छ होतं. बस, एवढंच."

हे बोलताना मला रडू आलं, का ते मला तेव्हा कळलं नाही.

सर माझ्या टेबलाशी आले. ड्रॉइंगवर माझ्या गालाचा घाम उमटला होता. त्यांनी तिथं बोट ठेवलं आणि विचारलं, "वारा फिरवलास?"

"नाही सर. आईला फिरवलं."

आणि तोंडातून शब्द बाहेर पडता पडता मला दिसलं. वर्षभर मी पाती वाकवत होते. पंख्याची काही चूकच नव्हती. बाईची उभं राहायची जागा चुकीच्या बाजूला काढली होती, आणि ती पहिल्यापासून तशीच, म्हणून कोणी तिच्याकडे बघितलंच नाही. भात ओतायचं तोंड दुसऱ्या बाजूला घेतलं की बाई तिकडे उभी राहील, आणि तूस तिच्यापासून पलीकडे जाईल. मी पेन्सिल उचलली आणि कोणाची परवानगी न घेता त्या ड्रॉइंगवर फुली मारून नवीन रेघ ओढली. रेघ सरळ आली.

सरांनी एक टाळी वाजवली. मग साहेबांकडे वळून म्हणाले, "थांबली."

सही त्यांनी तिथंच केली. साहेब त्या रेघेकडे वाकून बघत होते. जाताना शेठजींना म्हणाले, "वर्ग पाहिला, असं लिहितो. काय पाहिलं ते लिहीत नाही." त्या वर्षाची मदत आली. मला टेबल मिळालं, उत्तरेच्या उजेडाचं. बाबांनी सरळगावला निरोप धाडला आणि मला म्हणाले, "आमी बोललो होतो, तर आमी पाळलं." आईने फक्त विचारलं की स्वप्नात तिने कुठलं लुगडं नेसलं होतं.

पुढे योजना बंद झाली. अशा योजना होतातच बंद. सरकारचा खांदा निघाला तशी शेठजींची शिकवायची हौसही निघाली, आणि त्यांना एकट्यांना तरी दोष काय द्यायचा, दिवस मंदीचे होते. शेडमध्ये खोकी भरली. सरांनी निरोप घेतला नाही. एका सोमवारी ते एसटीतून उतरलेच नाहीत. फळ्यावर शेवटच्या आठवड्याचं रान तसंच होतं. खोकी लावताना कोणीतरी त्यावर पाठ घासली आणि ते पुसलं गेलं.

मी मात्र टेबलावर राहिले. लग्न केलं, टेबल सोडलं नाही. पुढे त्या खोलीतली सगळी टेबलं माझ्या हाताखाली आली. नवीन मुलं आली की मला फार वाटायचं, यांना विचारावं, काय पडलं. एकदाही विचारायची हिंमत झाली नाही.

बऱ्याच वर्षांनी, मोबाइल सगळ्यांच्या खिशात आले होते तेव्हा, कामासाठी शहापूरला जाणं झालं आणि मी सरांचं घर शोधत गेले. ते ओट्यावर बसले होते. फार वाळले होते, पोक जास्त आलं होतं. त्यांनी मला ओळखलं की नाही कळेना. पण मी पायरीवर पाय ठेवला तशी मान वर केली आणि म्हणाले, "काय पडलं गो?"

मी सांगितलं. आता ते आठवतही नाही काय होतं, कुठली तरी आगगाडी होती. त्यांनी विचारलं, डबे किती लांब होते, आणि समाधानाने मान हलवली. त्यांच्या सुनेने चहा आणून ठेवला. मला एकदम त्या एसटीतला कंडक्टर आठवला. सर खिशात तिकीट शोधत होते ते आठवलं. इतक्या लोकांची स्वप्नं ऐकली या माणसाने, आणि त्यांना आम्ही कधी विचारलंच नाही.

"सर," मी म्हटलं, "तुम्हाला काय पडलं?"

ते कप हातात धरून रस्त्याकडे बघत बसले. मला वाटलं, आता परत काहीतरी शोधायला लागतील. मग म्हणाले, "एकच पडतं. रोज. कंपनी बंद झाली तेव्हापासून. ती मोठी शेड हाय, मी हजेरी घेतोय. नावं घेतो. कोण ओ देत नाय. कबुतरं उडतात नुसती."

"कोणाची नावं, सर?"

"तिथल्या पोरांची. पहिल्यांदा तिथल्या पोरांचीच होती. आता तुमची पण येतात."

मी कप खाली ठेवला. म्हटलं, "माझं घ्या."

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. मग हजेरीच्या आवाजात, बाबांच्या नावासकट, धसईच्या आडनावासकट, माझं पूर्ण नाव घेतलं.

"हजर, सर."

त्यांचा हात वर आला. टाळी वाजवायची असावी, पण दुसऱ्या हातात कप होता. मी तो काढून घेतला. त्यांनी भिंतीला डोकं टेकलं आणि डोळे मिटले. दुपारचीच वेळ होती. रस्त्यावरून एक एसटी गेली आणि ओटा थोडा हलला. मला मुरबाडला परतायचं होतं, पण मीही खांबाला डोकं टेकवून थोडा वेळ बसले.